आबांचा आराम

आमच्या घरात विजेच्या आधी टेन्शन आलं. विजेचे खांब वेशीपर्यंत येऊन पावसाळाभर नुसतेच उभे होते, आणि तेवढ्यात सदादादानं खोपोलीहून हा शब्द आणला. सदादादा माझा थोरला भाऊ. तो खोपोलीच्या एका कारखान्यात नुकताच कायम झाला होता, आणि कायम झालेला माणूस जे चार नवे शब्द घेऊन घरी येतो त्यांतला हा एक. तोवर आमच्याकडे माणसाला घोर लागायचा, जीव टांगणीला लागायचा, डोक्याला ताप व्हायचा. पण त्या सगळ्यावर भात लावणं, कापणं आणि झोडणं हेच औषध असे, आणि ते लागू पडलं नाही तर शेजाऱ्याशी भांडण. टेन्शनचं तसं नव्हतं. त्याला डॉक्टर लागायचा, गोळ्या लागायच्या आणि मुख्य म्हणजे आराम लागायचा. आराम ही वस्तू आमच्या गावात कुणी जवळून पाहिलेली नव्हती. त्यामुळं ती पहिल्यांदा आबांच्या वाट्याला आली तेव्हा तिचं नेमकं करायचं काय, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

आबा म्हणजे माझे वडील. चौक ह्या गावाहून कर्जतकडे जाताना रस्त्यापासून जरा आत आमचं गाव. शेत जेमतेम घरापुरतं, आणि ते खरं म्हणजे आई करायची. आबांचं काम वेगळं होतं. ते गावाची भांडी राखायचे. गावकीनं कधीकाळी घरटी वर्गणी काढून पितळेची मोठाली भांडी घेतली होती: टोप, पराती, कढया, हंडे, झारे, आमटी वाढायची खोलगट ओगराळी. कुणाच्याही घरी कार्य निघालं की गाव ह्या भांड्यांत रांधायचं. ती सगळी आमच्या पडवीत असत, त्यामुळं पडवीत माणसांना बसायला जागा नसे. आल्यागेल्याला आम्ही अंगणातच बसवायचो. सगळ्यात मोठा टोप एवढा होता की लपाछपीत मी त्यात बसले तर वेणीचं टोकसुद्धा बाहेर दिसायचं नाही. त्याला गाव 'थोरला' म्हणायचं. आबांना असे दोन थोरले होते, एक सदादादा आणि एक हा पितळेचा. दुसऱ्यावर त्यांनी आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही. ह्या राखणीचं आबांना मिळायचं काय, तर पहिल्या पंगतीचा मान आणि वर्षभर शिव्या.

भांडी द्यायची रीत ठरलेली होती. लग्न असेल तर घरधन्यानं पानसुपारी घेऊन आमच्या दारात यायचं आणि मागायची. मयताच्या घरच्यांनी मात्र मागायची नाहीत. ज्याच्या घरातलं माणूस गेलं त्यानं बाराव्याच्या जेवणासाठी भांडी मागत फिरायचं, ह्याची गावाला लाज वाटायची. म्हणून दिवसांची भांडी गावानंच आपणहून उचलून त्याच्या अंगणात नेऊन ठेवायची. त्यामुळं कोण अंथरुणाला खिळलंय, कोण आज-उद्याचं आहे, ह्याची खबर आबांना डॉक्टरांच्या आधी असे. देताना ते प्रत्येक भांड्यावर बोटाचं पेर आपटून घेणाऱ्याला ऐकवायचे. "ऐक रं, नीट ऐक. परत येताना असाच वाजाया पायजे." परत येताना ते तसंच वाजायचं, पण आबांना ते तसं कधी ऐकू यायचं नाही. ह्याला पोचा आला, त्याची कड मुडपली, परात राखेनं घासलीच नाही, असं सुरू व्हायचं. लग्नसराईत आमच्या घराचा आवाज हाच. पितळेचा ठणठणाट, त्यावर आबांचा ठणाणा, आणि आत चुलीपाशी तांदळाच्या भाकरीवर पडणारे आईचे हात.

मार्गशीर्षात चौकाचे हसनमिया कल्हई करायला यायचे. अंगणात खड्डा करून भाता लावायचे. नवसागराचा पांढरा धूर घरभर व्हायचा, आणि त्या दिवशी वालाच्या बिरड्यालाही त्याचा वास यायचा. कल्हई पातळ झाली म्हणून आबा दिवसभर हसनमियांशी भांडायचे, आणि आयुष्यात कधी कुणी कौतुक केलं नाही म्हणून हसनमिया आबांशी भांडायचे. दिवस मावळला की बिरडं-भाकरी खाऊन उठताना हसनमिया आईला म्हणायचे, "भाबी, येकदा ह्याच्या डोक्याला पन कल्हई करून देतो, पैशे नको." आबा हसायचे. वर्षातून तेवढंच.

मग त्या वर्षी गावातल्याच एका लग्नात एक ओगराळं कमी आलं. एवढीशी गोष्ट. पण आबा थेट मांडवात गेले. वऱ्हाड निघायच्या बेतात, नवरी रडायच्या तयारीत, आणि आबा नवरीच्या बापासमोर उभे: "पोरगी दिलीस ती दिलीस, गावाचं वगराळं कुनाला दिलंस?" आवाज असा लागला की नवरी रडायची विसरली. बाप काही बोलायच्या आतच आबांना दरदरून घाम फुटला, आणि छातीवर हात ठेवून ते तिथंच एका उपड्या परातीवर बसले. वऱ्हाडाच्या टेंपोतून त्यांना खोपोलीच्या शिळफाट्याला डॉक्टरांकडे नेलं. ओगराळं त्याच टेंपोत सापडलं, करवलीच्या बोचक्याखाली. पण ते आबांना सांगायला गेलो तोवर डॉक्टरांनी त्यांच्याशी कुणी काही बोलायचं नाही असं बजावलं होतं.

डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजला आणि विचारलं, "यांना कसलं टेन्शन आहे का?"

"भांड्यांचं," सदादादा म्हणाला.

"घरात चार भांडी असली की वाजायचीच," असं म्हणून डॉक्टरांनी आईकडे रोखून पाहिलं. मग खुलासा झाला. डॉक्टर भले माणूस होते. त्यांनी गोळ्या दिल्या, मीठ कमी करायला सांगितलं आणि डोक्याला त्रास देणारं काम आजपासून बंद म्हणाले. पूर्ण आराम. सदादादानं तो शब्द असा जपून घरी आणला, जसा काही देव्हाऱ्यात ठेवायचा होता.

त्यानंच गावकीत विषय काढला. गावकीला आबांचा फार कळवळा आला, आणि आमच्या गावाला कळवळा आला की ते सत्कार करतं. नुकतंच नवतरुण मंडळ निघालं होतं. त्यात अध्यक्ष होते, उपाध्यक्ष होते, चिटणीस आणि सहचिटणीस होते, फक्त मंडळाला काम नव्हतं. तेव्हा भांडी मंडळाकडे द्यायची ठरली. देवळासमोर आबांना खुर्चीत बसवून शाल-श्रीफळ दिलं. अध्यक्ष वसंता, जो आबांच्या शिव्या खातच मोठा झाला होता, त्यानं भाषण केलं: "आबांनी गावासाठी लय केलं. आता गावानं त्यांना काईसुदिक करू देऊ नये!" टाळ्या पडल्या. उत्तराला आबा उठले आणि एवढंच म्हणाले, "थोरल्याखाली फळी ठेवा. ओल लागते." लोकांना ते विनोदी वाटलं, म्हणून आणखी टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी भांडी गाडीत घालून शाळेमागच्या खोलीत गेली. आपली पडवी एवढी मोठी आहे हे आम्हाला तेव्हा कळलं.

हल्ली माझ्याच इमारतीत ज्येष्ठ नागरिकांसाठी असले कार्यक्रम होतात. परवा एक तरुण मुलगी आली होती, गोड होती, पडद्यावर चित्रं दाखवत होती. आयुष्याला उद्दिष्ट असलं की मन खंबीर राहतं, असं ती म्हणाली. मग सगळ्यांना कागदाचे कपटे वाटले आणि आपापलं उद्दिष्ट लिहायला सांगितलं. शेजारचे जोशी बराच वेळ पेनाचं टोपण चावत बसले. मी लिहिलं, 'अकराला पाणी येतं, नळ बंद करायला घरी जाणं.' ती हसली, पण मी गंमत करत नव्हते. मला तेव्हा आबांची ती मोकळी पडवी आठवत होती.

त्या पडवीत सदादादानं कर्जतच्या बाजारातून आणलेली कापडी आरामखुर्ची मांडली. आबा तिच्यात बसले, आणि बसल्या बसल्या विरत चालले. आधी दाढी करायचे थांबले. मग वार विसरू लागले. कुणी विचारलं, जेवलात का, की ते आईकडे वळून विचारायचे, "जेवलो का गं मी?" पुढं तर छातीत धडधडतंय म्हणून दिवसातून कितीदा तरी मला हाक मारायचे आणि माझा हात धरून छातीवर ठेवायचे. "बघ गं शालू, चालू हाय ना?" एका पावसाळ्यात ओढ्याच्या पुरातून वाहत चाललेली परात ह्याच माणसानं उडी मारून धरली होती, आणि बाहेर आल्यावर स्वतःचं सोडून परातीचंच अंग पुसलं होतं. तो माणूस आता कोंबडीनं पंख फडफडवले तरी दचकायचा. मला फार वाईट वाटायचं, आणि खरं सांगायचं तर भीती वाटायची. माझ्या हाताखाली ते चालू आहे की नाही, हे मला दर वेळी नीट कळायचंच नाही.

भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली. ज्यांनी जन्मात कधी दुपारी पाठ टेकली नाही ते सगळे आबांना आराम सांगायचे. डोक्यावर भाऱ्याची चुंबळ तशीच ठेवून बायका म्हणायच्या, "पडून ऱ्हावा आबा, काई करू नका." भगतानं लिंबू उतरवून मोकळ्या पडवीला नजर लागल्याचं सांगितलं. कुणी म्हणालं, वय झालं, आता देवाधर्मात मन रमवावं. म्हणून आबा भजनाला जाऊ लागले. तिथं झांजांच्या जोड्यांतली एक चिरलेली वाजते असं त्यांनी भर अभंगात सांगितलं, तेव्हा बुवांनीच विनंती केली की आबांनी घरीच नामस्मरण करावं. सदादादानं कुठल्याशा रविवारच्या पुरवणीत वाचलं की उतारवयात छंद जोपासावा. त्यानं गुलाबाचं कलम आणलं. आबांनी ते सगळीकडून पाहिलं आणि विचारलं, "ह्याचं करतात काय?" सदादादा म्हणाला, "काई नाय, आबा. बघायचा." आबांनी दोन दिवस बघितला.

मग वहिनीला युक्ती सुचली. ती हुशार, नेरळकडची. तिनं अंगणात पापड वाळत घातले आणि आबांच्या हातात काठी दिली. "आबा, तुमी हायत म्हनून बरं, न्हायतर कावले एक पापड ठेवत नायत." आबा काठी घेऊन बसले. थोड्या वेळानं मी पाहिलं तर काठी खाली होती आणि कावळे निवांत खात होते. आबा त्यांच्याकडे बघत होते. वहिनी धावली तसे म्हणाले, "सूनबाई, कालपातूर हे पापड खाटंवर फडक्याखाली वाळत व्हते. आज मला काम पायजे म्हनून भुईवर आनलेस." वहिनी खजील झाली. खोटं काम आबांना लगेच वाजवून कळायचं.

ह्या सगळ्या दिवसांत आई उजाडायच्या आत उठायची, शेण-पाणी, धार, भाकरी करायची, शेतावर जायची, येऊन आबांना गोळी द्यायची, त्यांची समजूत काढायची, येणाऱ्यांना चहा करायची आणि जाणाऱ्यांकडून आरामाचं महत्त्व ऐकून घ्यायची. वहिनीनं एकदा कौतुकानं विचारलं, "आई, तुमाला नाय येत टेन्शन?" आई म्हणाली, "मला रिकामी बसवलीय कुनी?" आणि पाटी उचलून शेणाला गेली. डॉक्टरांनी सांगितलेल्या सगळ्यापेक्षा मला हे जास्त पटलं, तरी त्यात काही आनंदानं पटण्यासारखं नव्हतं.

मार्गशीर्षात हसनमिया आले. शाळेमागच्या खोलीला कुलूप होतं, आणि कल्हईचा ठराव करायला मंडळाची सभा भरत नव्हती, कारण उपाध्यक्ष अध्यक्षांशी बोलत नव्हते. तेव्हा सवयीनं ते आमच्याकडे आले, भाता खाली ठेवला आणि आबांसमोर बसले. दोघांनी एकमेकांच्या तब्येतीची चौकशी केली, पिकाची केली. मग भांडायला काही उरलंच नव्हतं. हसनमिया भाता उचलून न जेवताच उठले. आई त्यांना थांबवायला अंगणापर्यंत गेली आणि परत येऊन मांडणीकडे तोंड करून रडली. तिला रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

शिमगा झाला आणि आबांनी अंथरूण धरलं. अंगात बारीक ताप, तोंडात पेज ठरत नाही, डोळे आढ्याला. डॉक्टर स्वतः येऊन गेले आणि आराम चालू ठेवा म्हणाले. आत्या कापडं बांधून आली ती बरेच दिवस राहायच्या तयारीनं. माणसं हळू बोलू लागली. हळू बोलणं सुरू झालं की आमच्या गावात सगळ्यांनाच समजतं.

मंडळालाही समजलं. सत्काराला टाळ्या वाजवलेली ती पोरं वाईट नव्हती. रीत मोडायची नाही, आबांच्या घरच्यांवर मागायची वेळ आणायची नाही, ह्यासाठी वसंता आणि दोघं जण आधीच येऊन पडवीत सदादादाजवळ बसले. आबा आत माजघरात पडलेले. मी त्यांच्या पायांशी होते, आत्या उशाशी तुळशीचं पान घेऊन.

"काई कमी पडू देनार नाय," वसंता दबल्या आवाजात म्हणाला. "तुमी चिंता करू नका. पराती हायत, कढया हायत. फकस्त थोरला..."

"थोरल्याचं काय?" सदादादानं डोळे पुसत विचारलं.

"तो गावत नाय."

"गावत नाय म्हंजी?"

"लोधिवलीला लग्नाला दिलेला. त्यांनी म्हनं फुडं कुनाला दिला. पन ल्हान टोपांत भागवू ना. दोन खेपा भात रांधू. आबांच्या बाराव्याला मानसं काय थोडी येनार हायत?"

"वश्या!"

आवाज माजघरातून आला. आत्याच्या हातातलं तुळशीचं पान खाली पडलं. मी पाहिलं तर आबा कोपरावर उठलेले.

"कुनाला दिला रं?"

वसंता दारात येऊन थबकला. आबा भिंतीला धरून उभे राहिले. "कुनाला इचारून दिला? वाजवून दिला का? खाली फळी तरी ठेवलेली कदी? आनि दोन खेपा? माज्या बाराव्याला दोन खेपा? पयली पंगत उठल आनि दुसरी रिकाम्या पत्रावळीवर बसंल? गाव थुकंल माज्या तोंडावर!"

"आबा, तुमी पडा," सदादादा मध्ये आला. "तुमाला टेन्शन..."

"चुलीत घाल ते! माजं धोतर कुठं हाय? आनि भाकर हाय का काई घरात?"

आईनं सकाळची भाकरी आणि सुकटीची चटणी पुढं केली. तिनं एवढी घाई केली की ताट आबांच्या मांडीवर कलंडलं. आबांनी मांडीवरची भाकरी उचलून खाल्ली. जाणत्या माणसांनी आत्याला बाजूला घेऊन समजावलं की दिवा विझायच्या आधी असाच मोठा होतो, आणि आत्या आणखी थोडे दिवस थांबली.

सकाळी आबा निघाले. सदादादानं डॉक्टरांची आण घातली, वसंतानं आपण शोधतो म्हणून हात जोडले, पण ज्यानं हरवलं त्यालाच शोधायला पाठवायचं, हे आबांच्या डोक्यात बसेना. आई मला म्हणाली, "तू जा गं संगती. पडले तं उचलाया कुनी पायजे." एसटीनं आम्ही लोधिवलीला गेलो. त्या घरच्यांनी चहा दिला, टोपाची तारीफ केली, आणि आपल्या व्याह्याच्या पुतण्याच्या हळदीला तो चौकाला गेल्याचं सांगितलं. चौकाला त्या माणसानं पोहे दिले, टोपाची तारीफ केली, आणि तो पुढं कुणीतरी मागून नेला एवढंच त्याला आठवत होतं. सरळ गोष्ट होती. मालक दिसत नाही म्हटल्यावर टोप एका लग्नातून दुसऱ्या लग्नात परस्पर चालला होता, आणि प्रत्येक घर समजत होतं की परत द्यायचं काम पुढच्याचं.

चौकात आम्ही हसनमियांच्या दुकानात गेलो. ते म्हणाले, "तो व्हय? मी बगितला की. गाडीत घालून कर्जतच्या अंगाला नेत व्हते. कोंडाण्याच्या लेन्यांखालच्या वाडीत लगीन हाय. कल्हई पार उडालेली."

"बगितलास तं आडवलास का नाय?" आबा कडाडले.

"मी काय फौजदार हाय?"

"कल्हई जाड लावली असतीस तं उडाली असती का?"

"यंदा लावूच कुनी दिली रं मला?"

भर बाजारात दोघं असे भांडले की माणसं जमली. मी मध्ये पडले नाही. मला ते भांडण संपूच नये असं वाटत होतं.

कोंडाण्याखाली पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलेलं. मांडव घातलेला, आणि मांडवामागं तीन दगडांवर थोरला, काळाठिक्कर, पोटात भात रटरटतोय. आबा धावतच गेले आणि सवयीनं त्यांनी त्याच्यावर पेर आपटलं. चटका बसला तसा हात झटकला, आणि माझ्याकडे वळून हसले. मार्गशीर्ष नसताना.

आता शिजत्या भाताचा टोप उचलून नेता येत नाही. आबा तिथंच दगडावर बसले. जाळ एका बाजूलाच जास्त होतोय, झाकण तिरकं आहे, कल्हई नाही तर ह्यात आंबट आमटी करायची नाही, असं त्यांचं सुरू झालं. आचाऱ्यांना वाटलं, हे नवऱ्याकडचे कुणी मोठे मानकरी. नवऱ्याकडच्यांना वाटलं, नवरीचा कुणी तिखट मामा. दोन्हीकडून त्यांना पानसुपारी आली, एकीकडून टोपी आली, आणि पहिल्या पंगतीत मानाच्या जागी बसवून लोकांनी आग्रह केला. भात, वरण, वाटाण्याची उसळ, बुंदी. ज्यांच्या तोंडात पेज ठरत नव्हती ते आबा तिसऱ्यांदा भात मागत होते, आणि चौथ्यांदा वाढणारा आला तेव्हाही त्यांनी हात आडवा धरला नाही. माझ्या पत्रावळीवर डोळ्यांतलं पाणी टपटप पडायला लागलं तशी शेजारची बाई म्हणाली, "नवरीची भैन दिसतेस. रडू नको गं, चांगलं घर हाय."

पंगती उठल्यावर आबांनी धोतर खोचलं, राख आणि नारळाची शेंडी घेतली आणि स्वतः टोपात उतरून बसले. मरणाच्या दारातून कालच उठलेला माणूस पितळेच्या टोपात बसून आतून घासतोय, आणि वरातीचा बाजा वाजतोय, हे दृश्य मी डॉक्टरांना दाखवायला हवं होतं. लग्नघरचा म्हातारा शरमून जवळ आला. "पावनं, राग मानू नका. आमाला वाटलं ह्याला कुनी मालकच नाय."

"मालक नायच," आबा टोपातून म्हणाले. "मी हाय."

म्हाताऱ्यानं आपली बैलगाडी दिली. कर्जतच्या रस्त्यापर्यंत गाडी आणि पुढं टेंपो, असा थोरला घरी आला. मंडळाची सभा त्यानंतर लगेच भरली, आणि कित्येक महिन्यांत न बोललेले अध्यक्ष आणि उपाध्यक्ष एकमतानं म्हणाले की भांडी आबांकडे परत द्यावीत. सत्कार पुन्हा करावा असंही निघालं होतं, पण आबांनी वसंताकडे असं पाहिलं की ठराव तिथंच बारगळला. डॉक्टर तपासायला आले. त्यांनी दंडाला पट्टा बांधला, पुन्हा बांधला, आणि सदादादाच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "बघा, मी म्हटलं नव्हतं? आरामाचा गुण आला." सदादादानं मान हलवली. त्याचा विश्वास होता. आबा पुढं पुष्कळ जगले, गोळ्याही घेत राहिले, त्यांचा रक्तदाब शेवटपर्यंत चढाच होता, आणि छातीवर हात ठेवायला त्यांनी मला परत कधी बोलावलं नाही.

भांडी आमच्या पडवीत परत आली त्या संध्याकाळचं सांगते. वसंता गाडीतून एकेक खाली उतरवत होता आणि आबा एकेक वाजवून घेत होते. एका कढईला चीर निघाली. झाऱ्याची मूठ ढिली. आबांचा आवाज चढत चढत असा टिपेला गेला की झाडावरचे बगळे उठले. सदादादा गोळीची पुडी हातात घेऊन धावतच आत आला. आई कंदिलाची काच पुसत बसली होती.

"आई, बघ ना, परत चालू झालं त्यांचं," तो रडवेला होऊन म्हणाला. "छाती फुटल अशानं. गप कर त्यांना."

आईनं काच उजेडाकडे धरून पाहिली, पदरानं पुन्हा एकदा पुसली.

"वरडू दे रं," ती म्हणाली. "वरडतायत तवर हायत."